आर्येच्या तीस मात्रा आणि ढोलकीच्या आठ: सोलापूरच्या लावणीची पार्श्वभूमी

नवी शैली कुणी ठरवून काढत नाही. एका ठिकाणी गायची चीज दुसऱ्या ठिकाणी न्यावी लागते, तिथली वाद्यं वेगळी, श्रोता वेगळा, आणि चीज तिथे बसवताना तिचा आकार बदलतो. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांच्या रचनांत हे फार स्वच्छ दिसतं.

काळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. घर शास्त्रीपुराणिकांचं, ओढ मात्र गावातल्या धोंडी शाहिराच्या फडाची, म्हणजे तमाशाच्या संचाची. त्यापायी घर सुटलं. पुढे ते पंढरपुरात संस्कृत शिकले आणि नावाजलेले कीर्तनकार झाले. मोरोपंतांच्या आर्या लोकांच्या तोंडी रुळवण्यात त्यांच्या कीर्तनांचा मोठा वाटा आहे. कीर्तन आणि फड ही दोन्ही अंगं अशी एकाच गळ्यात आली.

आता दोन्हीकडचं गणित पाहू. मोरोपंतांची आर्या बहुतांशी गीती या प्रकारातली: पहिल्या चरणात 12 मात्रा, दुसऱ्यात 18, म्हणजे ओळ 30 मात्रांची. कीर्तनकार ती ठेका सोडून, अर्थ उलगडत म्हणू शकतो. ढोलकीवर तसं चालत नाही. ठेक्याचं एक आवर्तन आठ मात्रांचं. चार आवर्तनांच्या 32 होतात, म्हणजे ओळीला दोन मात्रा कमी पडतात. शेवटचं अक्षर तेवढं लांबवलं तर पुढची ओळ समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येते. न लांबवलं तर प्रत्येक ओळ दोन मात्रा आधी सुरू होते आणि चौथ्या ओळीपर्यंत गाणारा आणि ढोलकीवाला पुरते वेगळे पडतात. शिवाय दुसरा चरण तेराव्या मात्रेवर, म्हणजे आवर्तनाच्या ऐन मध्यावर उठतो. तिथे जोर दिला की समेचा भास होतो. नवशिक्याची फसगत बहुधा इथेच होते.

लावणीची चाल बहुतांशी आठ मात्रांची, छंदशास्त्रात जिला पद्मावर्तनी म्हणतात. राम जोशींनी या साच्यात पंडिती शब्दकळा ओतली. आठच्या आवर्तनात जड समास बसवायचा तर कानाला धरायला खुणा हव्यात, आणि ते काम आंतरयमकांनी केलं. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध लावणीत ‘भरली, ठरली, शिरली’ अशी यमकं ओळीच्या पोटातच येतात. अर्थ निसटला तरी ठेका हाताशी राहतो. संस्कृत लावण्याही त्यांनी रचल्या. आमच्या मते ही विद्वत्तेची मिरवणूक नव्हे. फडाच्या साच्याला किती भार पेलतो याची ती परीक्षा होती.

फडाच्या वाद्यांचाही शैलीवर हात आहे. तुणतुणं एकतारी: सूर धरतं आणि बोटाच्या आघाताने लयही देतं, पण चाल वाजवत नाही. त्यामुळे चालीचा सगळा भार गळ्यावर आणि पाठीमागे साथीला गाणाऱ्या झीलकऱ्यांवर. मुख्य गाणारा दम घेतो तेवढ्यात झीलकरी ओळीचा शेवट वरच्या सुरात उचलतात. ध्वनिवर्धक नसताना मागच्या श्रोत्यापर्यंत शब्द पोचायचा तो असा. ढोलकीचं शाईचं तोंड चढ्या सुरात लावतात. दमट हवेत कातडं सैल पडून सूर उतरतो, म्हणून ढोलकी पुन्हा ताणून घेऊन मगच तुणतुणं तिच्याशी जुळवावं लागतं. क्रम उलटा केला तर दोन्ही पुन्हा लावायची वेळ येते.

पेटी नंतर आली. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये 1842 साली घेतलं गेलं. हाताच्या भात्याची पेटी भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. तिच्यामुळे गाणाऱ्याच्या मागे चाल वाजू लागली. बैठकीच्या लावणीत ओळ थांबवून अदा करायला हा आधार लागतो, कारण गळा थांबला तरी सूर तुटत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या संगीतबारीत, म्हणजे बैठकीच्या लावणीच्या कार्यक्रमात, पेटी आणि ढोलकी आज जोडीनेच असतात. मात्र पेटीचे स्वर ठरलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. ती गळ्यातूनच यावी लागते, आणि गाणारीने पेटीवर फार विसंबलं की आधी तीच हरवते.

विसाव्या शतकात याच जिल्ह्यातल्या बार्शीचे अमर शेख यांनी अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत 1944 साली लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाच्या सुरुवातीचा गण राहिला, पण त्यात गणपतीच्या जागी मायभूमीला वंदन आलं. गणामागून येणारी गौळण गळाली. ढोलकी मात्र तीच राहिली, ठेकाही तोच आठ मात्रांचा.