आधी उन्माद की आधी नैराश्य?

बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य असे दोन्ही झटके येणारा मनाचा आजार. त्याच्या दोन रुग्णांच्या फायली शेजारी ठेवा. दोघांनाही चारदा उन्माद आणि चारदा नैराश्य येऊन गेलंय. निदान एकच, आकडेही सारखेच. तरी एकाला लिथियमनं वर्षानुवर्षं सावरून धरलंय आणि दुसऱ्याला त्याच गोळीचा फारसा गुण येत नाही. असं दिसलं की मी आधी झटक्यांचा क्रम बघेन.

एका प्रकारात उन्माद येतो, तो ओसरताच नैराश्य आणि मग बरा काळ. दुसऱ्यात आधी नैराश्य, त्यातून थेट उन्माद आणि नंतर बरा काळ. रोममध्ये काम करणाऱ्या अथानासिओस कुकोपुलोस यांनी 1980 साली या क्रमाकडे लक्ष वेधलं. पहिल्या क्रमाला लिथियम अधिक चांगलं लागू पडतं, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलं. कुकोपुलोस यांचं म्हणणं असं, की नैराश्य हे उन्मादाच्या मागोमाग येतं. म्हणजे भरतीच अडवली तर ओहोटीही टळते. मला हे पटतं, पण सिद्ध झालंय असं म्हणणार नाही. दुसऱ्या क्रमात आणखी एक गुंता असतो: नैराश्यावर दिलेल्या अँटिडिप्रेसंटनंच कधी कधी माणूस उन्मादात ढकलला जातो.

हे दोन क्रम ओळखताना गल्लत सहज होते. सौम्य उन्माद कुणाला आजार वाटतच नाही. झोप कमी, कामाचा झपाटा, बोलणं भरभर. घरचे म्हणतात, ‘तेव्हा तर किती छान होता!’ मग कागदावर नोंद होते ती ‘सुरुवात नैराश्यानं’ अशी. म्हणून रुग्णाला आणि घरच्यांना वेगवेगळं विचारावं: खचण्याआधीच्या महिन्यात झोप किती होती, खर्च कसा होता?

वर्षात चार किंवा जास्त झटके, म्हणजे रॅपिड सायकलिंग, ही वेगळी गोष्ट. तिथेही लिथियम कमी पडतं, हे 1974 मध्येच नोंदलं गेलं होतं.

दुसऱ्या क्रमात लिथियम बादच करायचं, असं मात्र नाही. नैराश्याचाच जोर असेल तर लॅमोट्रिजिन या दुसऱ्या औषधाचा विचार होतो. ते उन्मादापेक्षा नैराश्य रोखायला जास्त उपयोगी. पण ‘लिथियम लागू पडत नाही’ असं ठरवण्याआधी रक्तातली पातळी बघावी. देखभालीच्या काळात ती साधारण लिटरला 0.6 ते 0.8 मिलिमोल ठेवतात. आणि स्वतःच्या मनानं लिथियमची गोळी एकदम बंद केली, तर उन्माद उलटून येऊ शकतो. क्रम कुठलाही असो.