ओबामा की हिलरी? २००८ च्या फुटीची मुळं

२००८ ची डेमोक्रॅटिक प्रायमरी (पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) म्हटली की लोक सरळ सांगून मोकळे होतात, ब्लॅक मतदार ओबामाकडे गेले आणि बायका हिलरीकडे. मग ब्लॅक बायकांचं काय? मला तरी त्या अख्ख्या निवडणुकीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो, आणि तो २००८ च्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

१९६८ पर्यंत उमेदवार ठरवायचे ते पक्षातले बडे लोकच. त्या वर्षी ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता उमेदवार झाले, शिकागोत अधिवेशन चालू असताना बाहेर रस्त्यावर पोलीस पोरांना बडवत होते, आणि त्या संतापातूनच नियम बदलले आणि प्रायमरीला खरं वजन आलं. लगेच १९७२ मध्ये ब्रुकलिनच्या शर्ली चिझम उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या. अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेलेली पहिली ब्लॅक बाई. पण ब्लॅक पुरुष नेत्यांना वाटलं हिने आपल्याला विचारलं नाही, आणि स्त्रीवादी चळवळीतल्या बऱ्याच जणी दुसरे उमेदवार मॅकगव्हर्न यांच्याकडे झुकल्या. दोन्हीकडची आपली माणसं, आणि दोन्हीकडून अर्धवट साथ. ब्लॅक असण्यापेक्षा बाई असल्याचा त्रास जास्त झाला असं त्या उघड म्हणायच्या. अधिवेशनात मतं मिळाली १५२ डेलिगेट्सची, म्हणजे उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींची.

मग ब्लॅक नेते जेसी जॅक्सन उमेदवारीसाठी उभे राहिले. १९८४ ला मतं चांगली मिळाली पण त्या मानाने डेलिगेट्स फारच कमी, १९८८ ला ते दुसरे आले आणि त्या जोरावर पक्षाशी भांडून नियम पक्का करून घेतला की १५ टक्क्यांच्या वर मतं मिळाली की त्या प्रमाणात डेलिगेट्स द्यायचेच. हा नियम पुढे कुणाच्या कामी येणार हे तेव्हा कुणाला माहीत असणार!

२००७ मध्ये ब्लॅक मतदारांत हिलरी चक्क पुढे होत्या. बिल क्लिंटनबद्दल प्रेम होतं, आणि गोरे लोक ओबामाला मत देतील यावर बऱ्याच जणांचा विश्वासच नव्हता. ३ जानेवारीला आयोवासारख्या जवळपास सगळ्या गोऱ्या राज्यात ओबामा जिंकले आणि ती भीती गेली. २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात ब्लॅक मतदारांपैकी ७८ टक्के त्यांच्याकडे, बायकासुद्धा. त्याच दिवशी बिल क्लिंटन म्हणाले की जॅक्सनही इथे दोनदा जिंकले होते, म्हणजे ओबामाचा विजय फक्त ब्लॅक उमेदवाराचा विजय ठरवला असं लोकांना वाटलं, आणि ते फार लागलं. सेल्माच्या पुलावर १९६५ मध्ये ब्लॅक लोकांच्या मताच्या हक्कासाठी पोलिसांकडून डोकं फोडून घेतलेले काँग्रेस सदस्य जॉन लुईस आधी हिलरीसोबत होते, पण त्यांच्याच मतदारसंघाने ओबामाला भरभरून मतं दिली आणि फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनीही बाजू बदलली. जुनी मैत्री एकीकडे आणि आयुष्यभर ज्यासाठी लढलो ते दुसरीकडे, हे सोपं नसतं.

दुसऱ्या बाजूचं दुःखही तितकंच खरं होतं. वयस्कर गोऱ्या बायकांना वाटत होतं की आपल्या हयातीत बाई राष्ट्राध्यक्ष बघायची संधी हीच. हिलरींची स्वतःची आई बायकांना देशभर मताचा हक्क मिळायच्या आधी, १९१९ ला जन्मलेली. तरुण मुली मात्र बऱ्याचशा ओबामाकडे, म्हणजे कितीतरी घरांत आई एकीकडे आणि लेक दुसरीकडे. कॅलिफोर्निया, टेक्सासमधले लॅटिनो आणि ओहायो, पेनसिल्वेनियातले गोरे कामगार हिलरीसोबत, वेस्ट व्हर्जिनियात तर ६७ विरुद्ध २६ टक्के.

तरी गणित जमलं ते ओबामाचं, आणि तिथे जॅक्सनचा नियम कामी आला. हिलरींनी न्यू जर्सी जिंकून डेलिगेट्सची आघाडी मिळवली ११ ची, ओबामांनी त्याच दिवशी चिमुकल्या आयडाहोच्या कॉकसमधून (प्रायमरीऐवजी होणाऱ्या मतदारांच्या सभांमधून) १२ ची. ७ जूनला हिलरी थांबल्या. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या मतदारांपैकी बहुतेक जण ओबामाकडे आले, प्रायमरीत हरलेलं ओहायो आणि पेनसिल्वेनिया दोन्ही ओबामांनी जिंकलं, वेस्ट व्हर्जिनिया मात्र रिपब्लिकन मॅकेनकडेच गेलं.