तिला दिसतं, पण त्याला पटायला हवं

अतींद्रिय शक्ती असलेली नायिका आणि रोमँटिक सस्पेन्स, असा मेळ असलेल्या कादंबरीत एक प्रसंग हमखास येतो. नायिका पोलिसांकडे जाते आणि काल रात्री झालेल्या खुनाचे असे तपशील सांगते, जे पेपरात आलेलेच नाहीत. समोरचा विचारतो, "तुम्ही तेव्हा कुठे होतात?" ती घरीच होती. तिला ते नुसतं दिसलं होतं. वरवर पाहता पुढची तीनशे पानं खुनी शोधण्यात जातात, पण वाचकाचा जीव अडकलेला असतो तो या माणसाचा तिच्यावर विश्वास कधी बसतो यात. लिंडा हॉवर्ड यांच्या १९९५ सालच्या 'ड्रीम मॅन'मध्ये डिटेक्टिव्ह डेन हॉलिस्टर पहिला संशय घेतो तो नायिकेवरच. इतकं बारीकसारीक ठाऊक आहे म्हणजे ही तिथे असणार, नाहीतर करणाऱ्याला ओळखत असणार. त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही.

हा संशय या कादंबऱ्यांहून बराच जुना आहे, आणि त्याची एक वाट वाङ्मयाबाहेरून येते.

वाङ्मयातली वाट सरळ आहे. १७६४ साली होरेस वॉलपोलनं 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' लिहून गॉथिक, म्हणजे जुने वाडे आणि गूढ भीती यांच्या, कादंबरीची सुरुवात केली. त्यात आभाळातून राक्षसी शिरस्त्राण कोसळतं आणि कुणी त्याचं स्पष्टीकरण मागत नाही. तीस वर्षांनी अ‍ॅन रॅडक्लिफनं १७९४च्या 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो'त गडबड केली. तिची नायिका काळा पडदा बाजूला सारते, बेशुद्ध पडते, आणि शेकडो पानांनंतर कळतं की पडद्यामागे मेणाचा पुतळा होता. नायिकेला भास झाले, शहाणपण उशिरा आलं, असा तो हिशेब. मला तो कायम कंजूष वाटत आला आहे. कारण वाड्याच्या मालकाविषयीची तिची धास्ती पूर्णपणे खरी असते, पण तिचं श्रेय तिला कुणी देत नाही.

ते श्रेय १८४७ साली शार्लट ब्राँटेनं 'जेन एअर'मध्ये दिलं. सेंट जॉन हा पाद्री लग्नासाठी नायिका जेनला गळ घालतो आहे आणि ती जवळजवळ होकाराच्या टोकावर आली आहे. मेणबत्ती विझत आली आहे, खोलीत चांदणं पसरलं आहे. एवढ्यात कितीतरी मैलांवरून रॉचेस्टरची, तिच्या दुरावलेल्या प्रियकराची, हाक तिला ऐकू येते, तीन वेळा, तिच्या नावानं. "येते मी, थांबा" असं ओरडून ती बागेत धावते. पुढे दोघं भेटतात तेव्हा तोच आपणहून सांगतो की अमुक रात्री मी तुला हाक मारली आणि तुझं उत्तर मला ऐकू आलं. आणि इथे ब्राँटे खरी खेळी करते: मीही ऐकलं होतं, हे जेन त्याला सांगत नाही. वाचकाला सांगते, त्याला नाही. आजारातून आणि दुःखातून उठलेल्या त्याच्या मनावर आणखी भार नको, असं तिचं कारण. पुढच्या सगळ्या अतींद्रिय नायिका या गप्प बसण्याच्या वारसदार आहेत. सांगावं की लपवावं, हा त्यांचा पहिला पेच असतो आणि प्रेमाचा नंबर त्यानंतर लागतो.

पुढच्याच वर्षी, १८४८च्या मार्चमध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावात फॉक्स घराण्यातल्या मॅगी आणि केट या मुलींच्या खोलीत ठकठक ऐकू येऊ लागली. आत्मे ठोके देऊन उत्तरं देतात अशी हाकाटी झाली आणि काही वर्षांत अमेरिकेत आणि इंग्लंडात प्रेतात्म्यांशी बोलण्याच्या बैठकांचं पेव फुटलं. आपल्याकडचं प्लँचेट त्याच लाटेतून आलेलं. या बैठकांतली माध्यमं, म्हणजे ज्यांच्यामार्फत आत्मे बोलतात असं मानलं जाई ती माणसं, बहुतेक बायका होत्या आणि त्यांना तपासणाऱ्या समित्यांवर बहुतेक पुरुष. १८५१ साली बफेलोच्या डॉक्टरांनी फॉक्स भगिनींचे गुडघे घट्ट धरून ठेवले, तेव्हा ठोके थांबले. १८८८मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर मॅगीनं स्वतःच दाखवून दिलं की आवाज पायाच्या अंगठ्याचा सांधा वाजवून काढत होतो. वर्षभरानं तिनं हा कबुलीजबाब मागे घेतला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

या तपासनिसांपैकी एकाचं मुंबईशी लांबून का होईना नातं लागतं. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट यांनी १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी ही गूढविद्येची संस्था काढली, १८७९ साली ते मुंबईत उतरले आणि काही काळ ब्रीच कँडीला 'क्रोज नेस्ट' नावाच्या बंगल्यात राहिले. पुढे बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला हललं. तिथल्या चमत्कारांची शहानिशा करायला अतींद्रिय दावे तपासणाऱ्या लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चनं १८८४च्या अखेरीस रिचर्ड हॉजसनला हिंदुस्थानात धाडलं, आणि १८८५च्या त्याच्या अहवालानं ब्लाव्हाट्स्कीबाईंना सरळ भोंदू ठरवलं.

हाच हॉजसन १८८७ साली बॉस्टनला गेला. तिथे लिओनोरा पायपर नावाची गृहिणी समाधी लावून पाहुण्यांच्या घरातल्या खासगी गोष्टी सांगत असे. हॉजसननं तिच्यामागे खासगी गुप्तहेर लावले. ती कुणाला भेटते, कुठून माहिती काढते, काही हाती लागलं नाही. समाधीत असताना तिच्या नाकाशी अमोनिया धरून पाहिला, तरी ती हलली नाही. काही वर्षांनी हा हाडाचा संशयी माणूस तिच्या बाजूनं लिहू लागला. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९६च्या भाषणात म्हटलं की सगळे कावळे काळे नसतात हे दाखवायला एक पांढरा कावळा पुरे, आणि माझा पांढरा कावळा म्हणजे मिसेस पायपर. पायपरबाई खऱ्या होत्या का, हा वाद मी इथे उकरत नाही. पण प्रेमाचा भाग वगळला तर पाळत ठेवणारा पुरुष, तपासली जाणारी बाई आणि हळूहळू पालटणारं मत, हा सगळा आराखडा रोमँटिक सस्पेन्सच्या हाती आयताच आला.

विसाव्या शतकात हीच तपासणी प्रयोगशाळेत शिरली. ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी वर्तुळ, अधिक, लाटा, चौकोन आणि तारा अशा पाच चिन्हांच्या पंचवीस पत्त्यांवर प्रयोग केले. नुसत्या नशिबानं सरासरी पाच बरोबर यावेत, त्याहून जास्त आले की काहीतरी आहे, असा हिशेब. १९३४ साली त्यांचं पुस्तक आलं. इतर प्रयोगशाळांत हे निकाल भरवशानं पुन्हा मिळाले नाहीत. कादंबरीकारांना मात्र त्यातून एक सोय मिळाली: ही शक्ती म्हणजे भूतबाधा नाही, जन्मजात गुण आहे आणि तो मोजता येतो. आपल्याकडे नारायण धारपांच्या कथांतले समर्थ आठवून पाहा. तिथे सामर्थ्य गुरूकडे आहे आणि ते दुसऱ्याची सुटका करायला वापरलं जातं. अमेरिकन नायिकेला ते न मागता मिळतं आणि बहुतेक वेळा नकोसं असतं.

साठच्या दशकात पेपरबॅक गॉथिकची चलती झाली. मुखपृष्ठावर रात्री पळणारी बाई, मागे वाडा, एकाच खिडकीत दिवा. ढीगभर निघाल्या आणि बऱ्याचशा विसरण्याजोग्या होत्या. त्या काळात नाव कमावलेल्या मेरी स्ट्यूअर्टनं १९७६ साली 'टच नॉट द कॅट' लिहिली, ती वेगळी. ब्रायनी अ‍ॅश्लीच्या घराण्यात मनातल्या मनात बोलण्याची देणगी चालत आलेली असते. लहानपणापासून ती अशा एकाशी बोलते आहे, पण तो कोण हे तिला माहीत नाही. आपल्याच रक्ताचा कुणी असावा, एवढाच कयास. वडिलांचा संशयास्पद मृत्यू होतो, आणि जिवलग कोण व वैरी कोण हे एकच कोडं होऊन बसतं. तो कोण हे इथे फोडत नाही. प्रेम आणि रहस्य एकाच धाग्यात इतकं घट्ट ओवलेलं मी क्वचितच वाचलं आहे.

१९९५ साली अमेरिकी सरकारनं 'स्टारगेट' हा बसल्या जागी दूरचं मनानं पाहू शकतात असं मानलेल्या हेरांचा प्रकल्प गुंडाळून त्याची कागदपत्रं खुली केली. हेरगिरीला त्याचा उपयोग झाला नाही, असा मूल्यमापनाचा निष्कर्ष होता. कादंबऱ्यांनी निष्कर्षाकडे काणाडोळा करून कल्पना तेवढी उचलली, असं दिसतं. के हूपरची २०००पासूनची मालिका एफबीआयमधल्या अतींद्रिय अधिकाऱ्यांच्या काल्पनिक पथकाभोवती फिरते. इथे शक्तीला ओळखपत्र मिळालं, आणि माझ्या मते थोडा ताण गेला, कारण ज्या खोलीत सगळ्यांनाच दिसतं तिथे पटवायचं कुणाला? मग लेखिका मर्यादा घालत बसतात: डोकं ठणकतं, स्पर्शाशिवाय कळत नाही, ऐन वेळी चित्र पुसलं जातं.

जेन अ‍ॅन क्रेंट्झनं २००७च्या 'व्हाइट लाइज'मध्ये वेगळी वाट काढली. तिच्या जगात शक्तीची पातळी मोजायला चक्क एक मापपट्टी आहे, आणि नायिका क्लेअर लँकेस्टर त्या पट्टीवर सर्वात वरच्या पायरीवर आहे. समोरचा खोटं बोलला की तिला कळतं. आणि नायक आपली खरी ओळख लपवून वावरतो आहे. तपासणी आता त्याची.