हापूसच्या जाहिरातीवर कलमांची चौकशी का येते?

गुगलवर जाहिरातीचे पैसे क्लिकमागे जातात. क्लिक करणाऱ्याला पेटी हवी होती की आमरसाची कृती, याच्याशी गुगलला देणंघेणं नाही. म्हणून नको त्या शब्दांची यादी आपणच द्यायची; ते शब्द शोधात आले की जाहिरात दिसत नाही. आमच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या जाहिराती सांभाळणाऱ्यांच्या, धंद्यात त्यांना निगेटिव्ह कीवर्ड म्हणतात.

समजा, तुम्ही देवगडहून पुण्या-मुंबईला हापूस घरपोच पाठवता. लोकांनी काय टाइप केल्यावर तुमची जाहिरात दिसली, हे गुगल अ‍ॅड्सच्या ‘सर्च टर्म्स’ अहवालात कळतं. तिथे ‘हापूस कलम किंमत’, ‘आंबा मोहोर फवारणी’, ‘कैरी लोणचं रेसिपी’ असं बरंच सापडतं. कधी चक्क ‘आंबा घाट हॉटेल’! कलम, फवारणी, रेसिपी, घाट हे शब्द यादीत घालायला विचार करावा लागत नाही.

‘मोफत’ मात्र जपून. तो अडवला की ‘हापूस मोफत घरपोच’ शोधणारं खरं गिऱ्हाईकही जातं. तसंच ‘वाशी’चं. बाजारभाव बघणारे नकोत म्हणून नुसतं ‘वाशी’ घातलंत, तर वाशीत राहणारे खवय्येही गेले. त्याऐवजी “वाशी मार्केट” असं अवतरणचिन्हांत घालायचं. मग हे दोन शब्द याच क्रमाने लागून आले तरच जाहिरात थांबते.

मराठीत खरी मेहनत पुढे आहे. निगेटिव्ह यादीत गुगल शब्दाची वेगळी रूपं किंवा समानार्थी शब्द स्वतःहून धरत नाही. ‘रोप’ घातलं म्हणून ‘रोपं’, ‘रोपे’, ‘रोपांची’ अडत नाहीत. प्रत्येक रूप वेगळं लिहायचं, आणि तेच पुन्हा रोमन लिपीत, कारण मोबाइलवर निम्मं मराठी तसंच टाइप होतं असं आम्हाला तरी वाटतं.

अहवालात सगळं दिसत नाही. फार थोड्यांनी शोधलेले शब्द गुगल दाखवत नाही. तिथे तुमचा फोन कामी येतो. फोनजवळ वही ठेवा आणि ‘पायरी आहे का?’, ‘बाग बघायला येऊ का?’ असे उपयोगाचे नसलेले प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. पायरीही विकत असाल तर तेवढं आधी सांगा, नाहीतर आम्ही तोही शब्द अडवून बसू.

वहीच्या पानाचा फोटो दर सोमवारी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. हंगामात आम्ही यादी आठवड्याला तपासतो, एरवी महिन्याला.