पक्षाघातोत्तर नैराश्य

पक्षाघाताचा झटका, म्हणजे बोलताना आपण ज्याला लकवा, अर्धांगवायू किंवा सरळ स्ट्रोक म्हणतो तो, येऊन गेल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुरू होणारं आणि नुसता धीर देऊन न हटणारं डिप्रेशन म्हणजे पक्षाघातोत्तर नैराश्य. मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं, झोप-भूक बिघडणं, आपण घरच्यांवर ओझं झालोय असं सतत वाटत राहणं ही लक्षणं नेहमीच्या डिप्रेशनसारखीच असतात. पण इथे मुळात मेंदूलाच इजा झालेली असते, त्यामुळे कुठलं लक्षण मनाचं आणि कुठलं जखमेचं हे वेगळं काढताना भले भले गोंधळतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या वर्गीकरणात याला स्वतंत्र खाना नाही, दुसऱ्या शारीरिक आजारामुळे आलेलं नैराश्य या सदरात ते बसवलेलं आहे.

प्रमाण किती, यावर बहुतेक ठिकाणी 'तिघांतला एक' असं उत्तर मिळतं आणि ते ढोबळमानाने बरोबरच आहे. हॅकेट आणि पिकल्स यांनी २०१४ मध्ये ६१ अभ्यास एकत्र केले, त्यात २५ हजारांवर रुग्ण होते, आणि झटक्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत कधीही तपासलं तरी साधारण ३१ टक्के लोकांत नैराश्य सापडत होतं. मात्र प्रश्नावली वापरली की प्रत्यक्ष मुलाखत घेतली, वाचा गेलेल्या रुग्णांना धरलं की वगळलं, यावर आकडा बराच हलतो, म्हणून ३१ ला दगडावरची रेघ समजू नये.

उगमाबद्दलचा वाद

मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार आणि उदासपणा बरोबर दिसतात हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं, स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलरच्या लिखाणातही तसे उल्लेख आहेत. तरी त्यानंतर कित्येक दशकं याकडे आजार म्हणून कोणी फारसं पाहिलं नाही. हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं, तर माणूस खचणारच, असा सरळ हिशोब होता. या हिशोबाला पहिला ठोस धक्का दिला तो फोलस्टीन, मायबर्गर आणि मॅकह्यू यांच्या १९७७ च्या छोट्या अभ्यासाने. त्यांनी २० पक्षाघाताचे रुग्ण घेतले आणि तुलनेला हाडांच्या दुखण्याने तितकेच परावलंबी झालेले १० रुग्ण घेतले. पहिल्या गटात ४५ टक्के लोक नैराश्यात होते, दुसऱ्यात १० टक्के. अपंगत्व सारखंच असूनही फरक पडतोय म्हणजे मेंदूच्या इजेचा स्वतःचा काहीतरी वाटा असणार, हा त्यांचा निष्कर्ष. ३० माणसांवरून एवढं बोलावं का हा प्रश्न रास्त आहे, पण पुढचं बरंचसं संशोधन या लेखावरूनच निघालं हेही खरं.

त्यानंतर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन. त्याने १९७९ मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता, त्यात मेंदूच्या उजव्या अर्धगोलातली इजा आणि डाव्यातली इजा यांचे वागण्यावरचे आणि नॉरएपिनेफ्रिन या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनावरचे परिणाम वेगवेगळे दिसले. मग तो माणसांकडे वळला आणि १९८० च्या दशकात एकामागून एक लेखांत त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं की डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात इजा असेल तर नैराश्य जास्त येतं, आणि इजा पुढच्या टोकाच्या जितकी जवळ तितकं ते गंभीर. मांडणी देखणी होती, मनाच्या आजाराला थेट नकाशावर जागा मिळत होती, त्यामुळे ती पाठ्यपुस्तकांत पटकन शिरली.

पण इतरांना तसंच सापडेना. एडिंबराच्या अॅलन कार्सन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पद्धतशीर आढावा छापला, आणि डाव्या बाजूच्या इजेमुळे नैराश्याचा धोका वाढतो याला त्यात आधार मिळाला नाही. रॉबिन्सन गटाचं उत्तर असं की वेळ लक्षात घ्या, हा संबंध पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो, नंतर विरतो, आणि तुम्ही सगळ्या वेळा एकत्र कालवल्यात. यात तथ्य असू शकतं. पण दुसरी अडचण जास्त मोठी वाटते, ती म्हणजे डाव्या बाजूच्या मोठ्या इजेत वाचा जाते, वाचा गेलेल्या माणसाची मुलाखत घेता येत नाही म्हणून त्याला अभ्यासातूनच वगळतात, आणि मग डाव्या बाजूबद्दल आपण जे बोलतो ते डाव्या बाजूच्या सौम्य रुग्णांबद्दलच बोलत असतो. अलीकडे एका ठिपक्याऐवजी तो ठिपका कुठल्या जाळ्याला जोडलेला आहे हे पाहायची पद्धत आलीय, २०१९ मधल्या अशा एका विश्लेषणात नैराश्याशी जुळणाऱ्या इजा डाव्या कपाळामागच्या एका भागाशी जोडलेल्या जाळ्यात पडत असल्याचं दिसलं. म्हणजे रॉबिन्सन अगदीच चुकला असं म्हणवत नाही, फक्त त्याचा नकाशा फार सोपा होता.

१९९७ मध्ये अॅलेक्सोपोलस वगैरेंनी मांडलेली 'रक्तवाहिन्यांमुळे येणारं नैराश्य' ही कल्पना शेजारचीच, तिच्यात उतारवयातल्या बारीक, मूक (झटका न येता झालेल्या) इजाही धरल्या जातात. आज बहुतेक जण मिश्र कारण मानतात: इजा, आधी कधी डिप्रेशन येऊन गेलेलं असणं, अपंगत्वाचं प्रमाण, एकटेपणा, हे सगळं मिळून. सगळ्यात पक्के दुवे विचाराल तर अपंगत्व आणि आधीचं डिप्रेशन हेच दोन, जागेचा दुवा कच्चाच आहे.

ओळखताना होणारा गोंधळ

थकवा, मंद हालचाल, झोप उडणं हे नुसत्या स्ट्रोकनेही होतं, त्यामुळे फक्त शारीरिक लक्षणांवर जाऊन चालत नाही. तीन गोष्टी विशेष फसवतात. एक म्हणजे भावनांवरचा ताबा सुटणं: रुग्ण साध्या वाक्यावर ढसाढसा रडतो किंवा नको तिथे हसत सुटतो, अर्ध्या मिनिटात थांबतो, आणि विचारलं तर म्हणतो मला वाईट वगैरे काही वाटत नव्हतं. हे नैराश्य नव्हे, पण दोन्ही एकत्र असू शकतात. दुसरं, निरिच्छपणा: माणूस दुःखी नसतो, त्याला काही करावंसंच वाटत नाही, घरचे याला आळस किंवा हट्ट समजतात आणि घरात रोज भांडणं. तिसरं, उजव्या बाजूच्या इजेत आवाजातला चढ-उतार आणि चेहऱ्यावरचे भाव सपाट होतात. काहींना आपला हात लुळा पडलाय याचीच जाणीव नसते, फ्रेंच मेंदूतज्ज्ञ बाबिन्स्कीने १९१४ मध्ये वर्णन केलेली अवस्था ती हीच. असा रुग्ण मजेत दिसतो म्हणून तो मजेत आहे असं धरू नये.

बोलू शकणाऱ्यांसाठी पीएचक्यू-९ सारखी नैराश्य तपासणारी ९ प्रश्नांची यादी चालते. वाचा गेलेल्यांसाठी मात्र रुग्णाला न विचारता सोबत राहणाऱ्याला विचारायच्या प्रश्नावल्या आहेत, तो रडतो का, नजर टाळतो का, औषधाला नाही म्हणतो का, अशा. एकदा तपासून भागत नाही, कारण दवाखान्यातून घरी आल्यावर, लोकांची वर्दळ ओसरल्यावर आणि सुधारणेचा वेग मंदावल्यावर चित्र बदलतं. हा वेग मंदावणं बहुतेकांच्या वाट्याला येतंच, कोपनहेगनच्या १९९५ च्या मोठ्या अभ्यासात ९५ टक्के रुग्णांची रोजच्या कामातली सुधारणा साडेबारा आठवड्यांच्या आत आपल्या सर्वोच्च पातळीला पोचली होती. 'आता यापुढे काही नाही' असा अर्थ मात्र त्यातून काढू नये, वर्षानंतरही सरावाने हात-पाय थोडेफार सुधारल्याचे पुरावे आहेत. पण तो आकडा ऐकून हातपाय गाळलेले रुग्ण भरपूर.

सुरक्षितता

नैराश्य आणि सुरक्षितता हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात, प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले असतात. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडायच्या भीतीने उठतच नाही, उठत नाही म्हणून स्नायू उतरतात, स्नायू उतरले की खरोखरच पडतो. हाड मोडतं ते बहुतेकदा लुळ्या बाजूचं, तिथलं हाड वापराअभावी विरळ झालेलं असतं. बाथरूममध्ये धरायला दांडा, रात्री दिवा, घसरणारी पायपुसणी काढून टाकणं हे कोणीही सांगेल. कमी सांगितलं जातं ते असं की एका बाजूचं भान गेलेल्या रुग्णाला त्या बाजूची गॅसची शेगडी, दाराची चौकट, येणारी गाडी काहीच दिसत नाही आणि आपल्याला दिसत नाहीये हेही त्याला कळत नाही, म्हणून नजर आणि भान तपासल्याशिवाय गाडी चालवू देऊ नये. उठवताना लुळा हात ओढू नये, खांदा निखळतो, आणि दुखऱ्या खांद्याचा माणूस फिजिओलाही नको म्हणतो. घाईही नडते: २,१०४ रुग्णांच्या अॅव्हर्ट चाचणीत पहिल्या २४ तासांतच सुरुवात करून जास्त वेळा आणि जास्त वेळ उठवत राहिलेल्या गटाचा परिणाम उलट थोडा वाईट आला.

नैराश्यात रक्त पातळ करणाऱ्या आणि बीपीच्या गोळ्या चुकवल्या जातात, त्यातून दुसऱ्या झटक्याचा धोका. आत्महत्येचा धोकाही स्ट्रोकनंतर वाढतो, साधारण दुप्पट धरतात. जगावंसं वाटतं का, मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारावं, विचारल्याने डोक्यात ते शिरतं ही भीती निराधार आहे. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नये, गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात घ्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

उपचार

औषधांत आज आधी एसएसआरआय गटाकडे (मेंदूतलं सेरोटोनिन वाढवणाऱ्या, फ्लुओक्सेटीनसारख्या नैराश्याच्या गोळ्या) वळतात. १९८४ मध्ये नॉरट्रिप्टिलीन या जुन्या, ट्रायसायक्लिक गटातल्या गोळीची चाचणी झाली होती आणि गुण दिसला होता, पण त्या गटाच्या गोळ्या हृदयाच्या ठोक्यांना त्रास देतात म्हणून मागे पडल्या. २०११ च्या फ्लेम चाचणीने मोठी खळबळ उडवली, फ्रान्समधल्या ११८ रुग्णांत ३ महिने फ्लुओक्सेटीन दिल्यावर हातापायांची ताकद जास्त परतली, आणि काही काळ सगळ्यांनाच ती गोळी द्यायची लाट आली. मग ब्रिटनमधली फोकस चाचणी झाली, ३,१२७ रुग्ण, ६ महिने. हालचालीत फायदा शून्य. नैराश्य नव्याने येण्याचं प्रमाण १७ टक्क्यांवरून १३ वर आलं हे खरं, पण हाड मोडण्याचं प्रमाण दीड टक्क्यावरून जवळपास ३ टक्क्यांवर गेलं. २०२० च्या अॅफिनिटी आणि इफेक्ट्स या चाचण्यांनीही जवळपास तेच सांगितलं. थोडक्यात डिप्रेशन झालं असेल तर गोळी द्यावी, न झालेल्याला 'सुधारेल' म्हणून सरसकट देऊ नये, इथवर आता बऱ्यापैकी एकमत आहे. या गटाने रक्तस्राव थोडा वाढू शकतो, उतारवयात सोडियम घसरतं, आणि फ्लुओक्सेटीन क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या कामात अडथळा आणू शकतं, तेव्हा सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी. गोळी मनाने बंद करू नये, सावकाश उतरवावी लागते.

बोलण्याच्या उपचारांबद्दल पुरावा संमिश्र. २००३ च्या एका चाचणीत सीबीटीने (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची पद्धत) फरक पडला नाही, २००७ मध्ये ४११ रुग्णांवर झटक्यानंतर लगेच केलेल्या प्रेरक संवादाने (रुग्णाची स्वतःची उमेद जागवणाऱ्या गप्पा) मूड सुधारलेला दिसला. बोलता न येणाऱ्यांसाठी वर्तनोपचार २०१३ च्या 'काम' (इंग्रजीत CALM) नावाच्या चाचणीत उपयोगी ठरला, तिथे चित्रं, खुणा, आवडीची छोटी छोटी कामं यांवर भर होता.

घरची माणसं

सांभाळणाऱ्यांनाही नैराश्य येतं, आणि रुग्णाचं नैराश्य जितकं गडद तितकं सांभाळणाऱ्याचं ओझं जास्त असं बहुतेक अभ्यासांत दिसतं. पाळी वाटून घेणं, अधूनमधून सुट्टी, सांभाळणाऱ्याच्याही झोपेची चौकशी, एवढं तरी व्हावं, कारण रुग्णाची तपासणी ठरलेल्या तारखेला होते आणि सांभाळणाऱ्याला तेव्हा कोणी काही विचारतच नाही.