ॲमेझॉनची होल फूड्स खरेदी

ॲमेझॉनने २०१७ मध्ये होल फूड्स मार्केट ही अमेरिकेतील किराणा दुकानांची साखळी विकत घेतली. १६ जूनला जाहीर झालेला हा सौदा २८ ऑगस्टला पुरा झाला. किंमत सुमारे १,३७० कोटी डॉलर, शेअरमागे ४२ डॉलर. होल फूड्सचा जन्म १९८० मधला, टेक्सासमधील ऑस्टिन शहरातला. सेंद्रिय मालासाठी तिचे नाव होते, पण भाव असे की लोक तिला ‘होल पेचेक’, म्हणजे अख्खा पगार खाणारे दुकान, म्हणत.

पहिला दणका इतर दुकानदारांना बसला. सौदा जाहीर झाला त्याच दिवशी क्रोगर या किराणा साखळीचा शेअर नऊ टक्क्यांच्या आसपास घसरला. वॉलमार्ट आणि टार्गेट या बड्या साखळ्यांचे शेअरही खाली आले. मग घरपोच सेवेसाठी धावाधाव सुरू झाली. टार्गेटने त्याच डिसेंबरमध्ये शिप्ट ही घरपोच माल देणारी कंपनी ५५ कोटी डॉलरला घेतली, तर क्रोगरने २०१८ मध्ये ब्रिटनच्या ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीशी करार केला.

गिऱ्हाइकाच्या नजरेत भरले ते भाव. न्यूयॉर्कमध्ये केळ्यांवरची पाटी पहिल्याच दिवशी पौंडाला ७९ सेंटवरून ४९ सेंटवर आली. मात्र पुढे खास सवलती ॲमेझॉनच्या ‘प्राइम’ सदस्यत्वाच्या वर्गणीदारांसाठी राखल्या जाऊ लागल्या आणि भाजी घेणे त्या वर्गणीशी बांधले गेले.

खरा बदल दुकानाच्या आत झाला, आणि त्याची चर्चा भावांइतकी झाली नाही. २०१८ पासून दोन तासांत घरपोच माल मिळू लागला, तसे दुकान हेच गोदाम बनले. फोनवरची यादी बघत, फळांच्या ढिगाशी गिऱ्हाइकांच्या बरोबरीने वाकून कागदी पिशव्या भरणारी माणसे तिथे दिसू लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राइमवाल्यांनाही पोहोचवणुकीचे ९.९५ डॉलर लागू झाले.

बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने सौदा पुरा होण्याच्या पाच दिवस आधीच त्याला वाट मोकळी करून दिली होती. किराणा बाजारात ॲमेझॉनचा वाटा तेव्हा नगण्य होता हे खरे. पण कोणत्या घरात काय शिजते याची नोंद एकाच कंपनीकडे साठणे ही सत्ताच आहे, आणि बाजारातला वाटा मोजून ती कळत नाही.

कामगारांच्या पदरी संमिश्र फळ पडले. नोव्हेंबर २०१८ पासून ताशी किमान १५ डॉलर मिळू लागले. २०२० मध्ये आठवड्याला ३० तासांपेक्षा कमी काम करणाऱ्यांचा आरोग्य विमा गेला. जानेवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियातील एका दुकानाच्या कामगारांनी संघटनेच्या बाजूने मतदान केले.