सेतूतली गाठ आणि ‘लाइट’नंतरची औषधं

लहान मुलांच्या मस्तिष्कसेतूत (मेंदूच्या देठाचा मधला भाग, इंग्रजीत पॉन्स) होणारी डीआयपीजी ही कर्करोगाची गाठ कापून काढता येत नाही. ती गोळ्यासारखी वेगळी नसते, श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल सांभाळणाऱ्या पेशींमध्येच झिरपलेली असते. त्यामुळे खरा आधार रेडिएशनचा, रुग्णांच्या भाषेत ‘लाइट देण्या’चा. साधारण सहा आठवडे, एकूण ५४ ग्रेच्या (किरणांच्या मात्रेचं एकक) आसपास. तिरळे झालेले डोळे सरळ होतात, मूल पुन्हा चालू लागतं, घरच्यांना वाटतं सुटलो. काही महिन्यांत गाठ परत डोकं वर काढते. निम्म्याहून अधिक मुलं निदानानंतर वर्षभरही काढत नाहीत.

नील आर्मस्ट्राँग यांच्या मुलीला, कॅरनला, १९६१ मध्ये हीच गाठ निघाली. कोबाल्टचे किरण दिले, थोडा उतार पडला, जानेवारी १९६२ मध्ये ती गेली. तीन वर्षांचीही नव्हती. साडेसात वर्षांनी वडील चंद्रावर उतरले. हा उपचार मात्र त्यानंतरही कित्येक दशकं जागचा हलला नाही.

केमोथेरपीच्या चाचण्या एकामागून एक फसल्या. माझ्या मते त्याचं एक मोठं कारण औषधांत नव्हतं. एमआरआयवर निदान होऊ लागल्यावर एवढ्या नाजूक जागी सुई कशाला घालायची, म्हणून बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं, मागे पडली. काळजी रास्तच होती. पण गाठीचा तुकडाच हाती नसल्याने मोठ्यांच्या ब्रेन ट्यूमरवरून अंदाज बांधून मुलांना औषधं दिली जात होती. पॅरिसच्या नेकर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये २४ मुलांच्या बायोप्सींचा अहवाल मांडला आणि ती भीती ओसरू लागली. २०१२ मध्ये कळलं, की बहुतेक गाठींत हिस्टोन एच३ (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एक) या प्रथिनाच्या जनुकात एकच ठरावीक बदल असतो. मोठ्यांच्या गाठींपेक्षा हा आजारच निराळा निघाला.

मग लक्ष्यवेधी, म्हणजे पेशीतल्या ठरावीक प्रथिनांवर नेम धरणाऱ्या, औषधांच्या जोड्या आल्या. रायबोसिक्लिब पेशीविभाजनाला चालना देणारी सीडीके ४ आणि ६ ही विकरं (एन्झाइम) अडवतं. ती वाट बंद झाली की पेशी एमटॉर या वाढ चालवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाच्या वाटेने निसटू शकते, ती वाट अडवायला एव्हरोलिमस. (याचं मूळ रापामायसिन ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूतून आलं, आणि ते वेगळं करणाऱ्या चमूचे प्रमुख होते भारतात शिकलेले सुरेन सेहगल.) अमेरिकेत रेडिएशन संपल्यावर ही जोडी मुलांना देऊन पाहिली गेली, पहिल्या टप्प्याचा अहवाल २०२२ चा. रायबोसिक्लिबमुळे यकृतात एव्हरोलिमसचा निचरा मंदावतो, म्हणून त्याचा डोस बराच खाली ठेवावा लागला. पहिल्या टप्प्यात प्रश्न एवढाच असतो: मुलांना किती डोस सोसतो? आयुष्य वाढतं का, हे त्यावरून ठरत नाही.

एच३ मध्ये तो बदल असलेल्या, उपचारानंतर पुन्हा वाढलेल्या गाठींसाठी डोर्डाव्हिप्रोन या औषधाला अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, तीही वेगवान म्हणजे सशर्त. रेडिएशननंतर लगेच, गाठ परतण्याआधी ते दिलं तर काय होतं, याची चाचणी वेगळी आहे.